इंजिन बंद झाल्यावर सांगायच्या गोष्टी

आमच्या मेळाव्यात चुकून बाहेरचा माणूस शिरला तर त्याला वाटेल, भांडण जुंपलंय. पन्नास-साठ म्हातारे, अंगात ब्लेझर, छातीवर पदकं, आणि जो तो दुसऱ्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडतोय. भांडण काही नसतं. ‘गुडघा कसा आहे’ एवढंच विचारायचं असतं. पण आम्ही हवाई दलातले जमिनीवरचे लोक. विमानं उडवणारे वेगळे. ती उडण्याजोगी ठेवणारे आम्ही. वीस-वीस वर्षं चालू इंजिनाच्या शेजारी उभं राहून कानांचं जे व्हायचं ते झालं. कानांवर घालायला जाड डबे मिळायचे, नाही असं नाही. पण उन्हाळ्यात ते घामाने निसटायचे, आणि त्या वयात कानाची काळजी कोण करतो? आता आमच्यातल्या निम्म्यांच्या कानात मशीन आहे. उरलेल्या निम्म्यांना, म्हणजे माझ्यासारख्यांना, आपल्याला व्यवस्थित ऐकू येतं असं वाटतं. माझी बायको म्हणते, तुमच्या मित्रांत तासभर बसून आलं की दोन दिवस घर कसं शांत शांत वाटतं.

दर थंडीत एका रविवारी शहरातल्या उस्मानपुऱ्यात एक मंगल कार्यालय घेऊन आम्ही जमतो. मी दोन गल्ल्या सोडून राहतो, त्यामुळे खुर्च्या, चहा, माइक हे सगळं माझ्या गळ्यात. मी दरवर्षी तक्रार करतो, आणि दुसऱ्या कुणी ते काम मागितलं तर मला झोंबतं. मेळाव्याचा एक रिवाज आहे. जेवणाआधी प्रत्येकाने माइकवर यायचं, आपला ट्रेड सांगायचा, कुठे कुठे पोस्टिंग झालं ते सांगायचं आणि नोकरीतली एक आठवण सांगायची. आठवणी त्याच त्या. हसूही दरवर्षी त्याच जागी येतं. ज्यांना ऐकू येत नाही तेही हसतात, कारण कुठे हसायचं ते पाठ आहे.

या रिवाजाचा राजा म्हणजे माझा मित्र. तो पाचोडचा, मी पैठणचा, म्हणजे तालुका एकच. पण भेटलो ते थेट दक्षिणेतल्या ट्रेनिंग सेंटरमध्ये, जेवणाच्या रांगेत. मी भाताचा ढीग घेऊन उभा होतो आणि मागून खर्जातला, खरखरीत आवाज आला, “ह्ये काय जेवण हाय व्हय? भाकर कुठंय?” मी गर्रकन वळलो. महिनाभरात पहिल्यांदा कानावर घरचं बोलणं पडलं होतं. मला त्याला मिठी मारावीशी वाटली; हातात ताट होतं म्हणून वाचला. तो इंजिन फिटर झाला, मी एअरफ्रेम फिटर. इंजिन त्याचं, बाकी विमान माझं. पुढे दोन पोस्टिंगं एकत्र काढली. संध्याकाळी बिलेटमध्ये, म्हणजे आमच्या राहायच्या बराकीत, तो खाटेवर बसून गोष्ट सांगायला लागला की पलीकडच्या खोल्यांतली पोरं बादल्या उलट्या टाकून बसायची. मराठी न समजणारीसुद्धा.

कामावर मात्र बोलणं नाही. चालू इंजिनाशेजारी ओरडून उपयोग नसतो, तिथे हात बोलतात. डोक्यापाशी बोट गोल फिरवलं की इंजिन सुरू. दोन्ही अंगठे बाहेरच्या दिशेला केले की चाकांना लावलेले ठोकळे काढा. गळ्यावरून आडवा पंजा फिरवला की इंजिन बंद. या झाल्या पुस्तकातल्या खुणा. याशिवाय आमच्या आम्ही बनवलेल्या शंभर होत्या. चहा आला, साहेब येतोय, घरून पत्र आलंय, आज मेसमध्ये पुन्हा भोपळा. आमच्या दोघांच्या तर इतक्या पक्क्या होत्या की दोन विमानांपलीकडून आम्ही कुचाळक्या करायचो.

एक सकाळ सांगितली पाहिजे. विमान सुरू होतं. मी चाकापाशी, तो समोर. ऑफिसातून एकजण आला आणि माझ्या नावाची तार त्याच्या हातात देऊन गेला. त्याने ती वाचली आणि डांगरीच्या खिशात ठेवली. मी हाताने विचारलं, काय आलंय? त्याने मान हलवली. काही नाही, काम कर. त्या दिवशी इंजिनात काहीतरी निघालं, ते पुन्हा पुन्हा चालवून बघावं लागलं. चाळीस मिनिटं. तेवढा वेळ तो माझ्यासमोर उभा होता. शेवटी इंजिन थांबलं. तो चालत माझ्याकडे आला, माझ्या कानावरचा डबा बाजूला केला आणि हळू आवाजात म्हणाला, “तुझे दादा गेले रे. चल, मी येतो तुझ्यासंगं.” दादा म्हणजे माझे वडील. दोन दिवस दोन रात्री रेल्वेने, पुढे एसटीने तो माझ्याबरोबर पैठणला आला. परत जाताना मी त्याला विचारलं, तू तेव्हाच खूण का नाही केलीस? तर चिडला. “असं कुठं हातवारे करून सांगत्यात व्हय? काही गोष्टी इंजिन बंद झाल्यावरच सांगायच्या असत्यात. तोंडानं.”

तोच आवाज गेल्या वर्षी गेला. गळ्यात गाठ निघाली, ऑपरेशन झालं, स्वरयंत्रच काढावं लागलं. जीव वाचला हे खरं. आता तो गळ्याला केलेल्या भोकातून श्वास घेतो आणि त्यावर पांढरं फडकं बांधतो. हसला तरी फडक्यामागून नुसता वारा येतो. गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र त्याला दिलं होतं. त्यातून पहिलं वाक्य तो नातीशी बोलला आणि ती घाबरून आजीच्या पदराआड गेली. यंत्र कपाटात गेलं ते गेलंच.

मी दवाखान्यात एकदा भेटायला गेलो होतो. मला शांतता सोसवेना, म्हणून अर्धा तास एकटाच बोलत बसलो. क्रिकेट, पाऊस, जायकवाडीचं पाणी, काय वाटेल ते. शेवटी त्याने पाटीवर लिहिलं, ‘दमला असशील. पाणी पी.’ मी हसलो, बाहेर आलो आणि पायऱ्यांवर बसून रडलो. त्यानंतर मी गेलो नाही. पूर्वी दर रविवारी सकाळी आमचा फोन असायचा, तोही बंद झाला. मुक्या माणसाला फोन करून करायचं काय? त्याला विश्रांती मिळू दे, असं मी बायकोला सांगायचो. ती नुसती माझ्याकडे बघायची. चोराच्या मनात चांदणं. पाचोड काही चंद्रावर नाही, गाडीने तास-सव्वातासाचा रस्ता. अकरा महिने मी तोंड चुकवत राहिलो.

मेळाव्याला चार दिवस उरले असताना त्याच्या बायकोचा फोन आला. माझ्या बायकोने तो माझ्या कानाला लावला आणि समोर उभी राहिली, मी पळून जाऊ नये म्हणून.

“भाऊजी, ह्ये घराबाहेर पडंनात,” वहिनी म्हणाल्या. “बाजारच्या दिवशी बी नाय. कुणी आलं की मोसंबीच्या बागंत जाऊन बसत्यात. पोरगं म्हणतंय डॉक्टरला दाखवू, पर ह्येला डॉक्टर काय करणार? लई भ्या वाटतंय मला. त्या जमण्याला तरी न्या त्यांना. तुम्ही आला तर येतील.”

‘तुम्ही आला तर’ या शब्दांत राग नव्हता, म्हणून ते जास्त लागले. मी म्हणालो, आणतो. फोन ठेवल्यावर बायको म्हणाली, “आणल्याशिवाय येऊ नका. चहा-खुर्च्या मी बघते.”

रविवारी सकाळी लवकर निघून पाचोडला पोचलो. तो ओसरीवर मोसंबी निवडत बसला होता. मला बघून उठला नाही. निम्मा झाला होता, पण हात तसेच होते, रुंद आणि काळपट. मी बसलो आणि पुन्हा तेच केलं, बोलत सुटलो. सगळे वाट बघतायत, आपले तेव्हाचे वॉरंट ऑफिसर साहेब खास पुण्याहून येतायत, तुझ्याशिवाय मजा नाही. पालथ्या घड्यावर पाणी. त्याने पाटी ओढली आणि लिहिलं, ‘माइकवर येऊन काय करू? माकडावानी उभा राहू?’ खाली रेघ मारून पुन्हा लिहिलं, ‘त्यांच्या ध्यानात माझा आवाज हाय. तेवढा राहू दे.’

मी पाटी खाली ठेवली. मी उठलो. वहिनी दारात उभ्या होत्या, त्यांच्याकडे बघायचं धाडस झालं नाही. गाडीत बसलो, चालू केली आणि मागे घेणार तोच बॉनेटवर धाडकन थाप पडली. तो समोर उभा होता आणि त्याच्या कपाळाला आठ्या होत्या. त्याने कानाकडे बोट केलं, मग इंजिनाकडे. ऐकू येत नाही का तुला?

मला खरंच काही ऐकू येत नव्हतं. वहिनी ओरडून म्हणाल्या, “भाऊजी, कुत्र्याचं पिल्लू सापडल्यावानी केकाटतीया गाडी!” इंजिनाचा पट्टा सैल झाला होता आणि किती महिने तो किंचाळत होता देव जाणे. बारीक आवाज हेच तर आमच्या कानांतून पहिल्यांदा जातात. त्याचे कान मात्र शाबूत. आमच्या तुकडीत कानांवरचे डबे कधीही न काढणारा तो एकटाच होता, आणि आम्ही त्याला त्यावरून चिडवायचो.

त्याने बॉनेट उघडलं. घरातून पाना आणला. मी आत, तो समोर, मध्ये इंजिन. पंजा वर उचलला: वाढव. मी वाढवलं. पंजा खाली दाबला: कमी कर. मी केलं. मग बंद करायची खूण करायला त्याचा आडवा पंजा वर आला आणि गळ्याच्या फडक्यापाशी येऊन थांबला. आम्ही दोघांनीही नजर वळवली. मग त्याने खूण पुरी केली, गळ्यावरून, इकडून तिकडे. मी किल्ली फिरवली.

पट्टा ताणून झाला, हात पुसून झाले. मी म्हणालो, “जरा रस्त्यावर घेऊन बघू. भार पडल्यावर वाजतो का ते मला कसं कळणार?” हे खरंही होतं. तो शेजारी बसला, मान तिरकी करून ऐकू लागला. तेवढ्यात वहिनी धावत आल्या आणि मागच्या खिडकीतून एक पिशवी आत टाकली. हमरस्त्याला लागलो. वाटेतलं आडूळ गाव मागे पडलं तेव्हा गाडी मेळाव्याला चाललीय हे त्याच्या लक्षात आलं. त्याने मागे वळून पिशवी उघडली: इस्त्री केलेला शर्ट, ब्लेझर, पदकं, आणि गळ्यात घालायला हवाई दलाच्या निळ्या रंगाचा स्कार्फ, नवा शिवलेला. त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी पुढचा मैलभर फक्त रस्त्याकडे बघत होतो. मग त्याने खिडकी खाली केली, वर केली, आणि शर्टाची बटणं काढायला लागला.

कार्यालयाच्या दारात त्याने माझा दंड धरला. मी त्याच्या हातावर हात ठेवला आणि दार ढकललं.

आत गेलो आणि आमचे लोक कसे बोलतात याचा मला विसर पडला होता हे लक्षात आलं. पहिला आला तो शहागंजात घड्याळाचं दुकान चालवणारा आमचा रेडिओ फिटर. त्याने मित्राला कवेत घेतलं आणि कानात ओरडला, “कैसा है यारा? तब्येत बनी? बनी ना! मला दिसतंय की!” उत्तराची वाट बघायची त्याला सवयच नाही. माझ्या मित्राने अंगठा वर केला. “हौ, वही तो बोलतोय मी,” तो म्हणाला आणि पुढे गेला. दुसरा आला. त्याने विचारलं, मोसंबीला भाव काय? मित्राने हात पालथा करून हलवला. “हां, यंदा पडलेच आहेत.” तिसरा, चौथा. आजारपणाचं सगळ्यांना ठाऊक होतं, आवाज गेल्याचं मी कुणाला सांगितलं नव्हतं, आणि आताही ते कुणालाच कळलं नाही! ज्याला मशीन होतं त्याने गोंगाटामुळे ते बारीक केलेलं, ज्याला नव्हतं त्याला नेहमीच काही ऐकू येत नाही. सगळ्यांनी स्वतः विचारलं, स्वतःच उत्तर दिलं, आणि मित्राने प्रत्येकाला हाताने जबाब दिला. आम्ही आयुष्यभर तसेच तर बोललो होतो. मी बायकोकडे बघितलं. ती चहाच्या टेबलापाशी उभी होती आणि पदर तोंडाला लावून हसत होती की काय करत होती, सांगता येत नाही.

मग माइकची पाळी आली. मी यादीतून त्याला वगळायचं ठरवलं होतं. पण यादी संपताच समोरच्या रांगेतून वॉरंट ऑफिसर साहेब गरजले, “आमचा पाचोडवाला कुठे आहे?” सगळे टाळ्या वाजवू लागले. मी उठणार तोच त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवून मला खाली बसवलं आणि तो चालत गेला. माइक त्याने एका बाजूला सरकवला.

त्याने हात वर केला आणि बोट गोल फिरवलं.

साठ म्हाताऱ्यांच्या पाठी ताठ झाल्या. मग त्याने गोष्ट सांगायला सुरुवात केली. धुक्यातली सकाळ. विमान. कॉकपिटमध्ये नवा वैमानिक, मान उंच. आणि चाकापाशी बसलेला एक मनुष्य: त्याने खिशातून कागद काढला, उलगडला, छातीशी धरला, डोळे मिटले. सगळे माझ्याकडे वळून हसायला लागले. कारण तो मनुष्य मी होतो. लग्नाला दोन महिने झाले होते आणि बायकोचं पहिलं पत्र आलं होतं. वैमानिक दोन्ही अंगठे बाहेर करकरून ठोकळे काढायला सांगतोय, आणि मी मान वर करून त्याला प्रेमाने हात करतोय. विमान नुसतं जागच्या जागी गुरगुरतंय, नांगराला अडलेल्या बैलासारखं. मग माझा मित्र धावला, मला कॉलर धरून उठवलं, ठोकळे ओढले. पुढे मला जी शिक्षा झाली तीही त्याने सगळी करून दाखवली, डोक्यावर दोन्ही हातांत बंदूक धरून मैदानाला घातलेल्या फेऱ्यांसकट. लोक खुर्च्यांवर लोळत होते. माझी बायको लाजून लाल झाली, या वयात.

माझ्यामागे रेडिओ फिटर शेजाऱ्याला ओरडून विचारत होता, “माइक बंद है क्या? आवाज काहून येईना?” शेजारी म्हणाला, “तुझं मशीन बघ.” त्याने मशीन काढलं, फुंकलं, परत घातलं. “समजलं सगळं,” तो म्हणाला, “पर आवाज नाही आला.”

गोष्ट संपवायला मित्राने खूण केली ती इंजिन बंदची. आडवा पंजा गळ्यावरून सावकाश गेला आणि त्याबरोबर स्कार्फ सरकला. पुढच्या दोन रांगांना फडकं दिसलं. हसू तिथून थांबत थांबत मागे गेलं. तो तसाच उभा राहिला, स्कार्फ सावरायला गेला नाही. वॉरंट ऑफिसर साहेब उठले. पंच्याऐंशीच्या पुढचे, काठी टेकत गेले. त्याच्या गळ्यातला स्कार्फ दोन्ही हातांनी नीट केला, जसा परेडआधी आमचा करायचे, आणि अंगठा वर केला. मग सगळ्या सभागृहाने अंगठे वर केले. आमच्या मेळाव्यात इतकी शांतता मी कधी अनुभवली नव्हती.

परत पाचोडला पोचलो तेव्हा ऊन उतरत होतं. वहिनी ओसरीवर उभ्याच होत्या. तो उतरला, त्यांच्याजवळ गेला आणि हातांनी भरभर सांगू लागला. किती जण आले, कोण कसा ओरडला. त्यांना अर्धंही कळत नसणार, पण त्या मान डोलवत होत्या आणि डोळे पुसत होत्या.

गल्ली अरुंद, गाडी उलटी काढायची. तो मागे जाऊन उभा राहिला आणि दोन्ही हातांनी मला बोलावू लागला. ये, ये, थोडं डावीकडे. आरशात तो मला दिसत होता. अर्ध्या वाटेत मी थांबलो. त्याने पुन्हा हात हलवले: ये की. मी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं आणि खाली उतरलो.

त्याच्याजवळ गेलो, कानाशी तोंड नेलं आणि म्हणालो, “अकरा महिने मी आलो नाही. काम होतं म्हणून नाही. भ्यालो होतो. तुझ्या आवाजाशिवाय तुझ्यासमोर कसं बसायचं ते मला कळेना. चुकलो मी.”

त्याने माझ्याकडे बघितलं, मग पंजा कानामागे धरला. ऐकू आलं नाही.

मी पुन्हा म्हणालो, जरा मोठ्याने. त्याने मान हलवली, पंजा तसाच. आमच्या अख्ख्या तुकडीत धड कान असलेला हा एकटा माणूस! तरी मी तिसऱ्यांदा ओरडलो, “चुकलो रे बाबा! भ्यालो होतो! माफ कर!” समोरच्या ओट्यावरचे म्हातारबा उठून उभे राहिले आणि म्हणाले, “काय झालं हो?”

“काय नाय,” वहिनी म्हणाल्या, “माफी मागायलेत. आमच्या ह्यांना ऐकू येईना.”

त्याने पंजा खाली घेतला आणि माझ्या पाठीत एक गुद्दा घातला. निळ्या स्कार्फमागून फस् फस् असा वारा आला. तो हसत होता. इंजिन बंद होतं, म्हणून मला ते ऐकू आलं.